गैरहजर मुलाची शाळा



शाळा सुधारावयाची म्हटले की आपल्याकडे इमारत, परीक्षा आणि निकाल यांचीच चर्चा प्रथम होते. आम्ही त्या वाटेने जाणार नाही. आम्हाला बोलावयाचे आहे ते हजेरीपटातील गैरहजेरीच्या खुणेविषयी. ही खूण मुलाविषयी काही सांगते, असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा ती शाळेविषयीच सांगत असते.

हे म्हणणे काही आमच्या पदरचे नव्हे. त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डी येथे, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. आता यावर दोन उपाय होते. एक, पालकांच्या अज्ञानावर व्याख्यान झोडणे. हा सोपा, आणि आम्हा व्याख्यात्यांना विशेष आवडणारा! दुसरा, आपणच उठून त्या वस्तीत जाणे. या बायांनी दुसरा निवडला आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथील मुलांना गुरे राखावी लागत. मग शिक्षकच कुरणावर गेले. तिला नाव पडले कुरणशाळा. माँटेसोरीबाईंची महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती, तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांवर मोजणी आणि वर्गवारी होऊ लागली. यात काटकसर होती हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, मुलाला जे आधीच ठाऊक होते ते शाळेत विद्या म्हणून गणले गेले.

भाषेचेही असेच आहे. मेळघाटातील कोरकू मूल पहिलीत गप्प बसले की ते मंद ठरते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, संथाळीची आप्त. मराठीशी तिचे कुळ जुळत नाही. घरी सहा वर्षे कोरकू ऐकलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी आपण परक्या मुलखात बसवितो, आणि उत्तर आले नाही म्हणून बुद्धी मापतो! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही, शक्य तेथवर, मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शिक्षकाला सगळी कोरकू यावी असा आमचा हट्ट नाही. शंभर शब्द यावेत, वरच्या वर्गातला एखादा कोरकू मुलगा दुभाषी म्हणून शेजारी बसवावा, आणि मुलाने आपल्या बोलीत उत्तर दिले तर ते चूक धरू नये. कोणी विचारील, मग बाकीचा वर्ग खोळंबणार नाही काय? आम्हाला उलटे वाटते. नव्या शब्दासाठी खडा, पान, चित्र पुढे ठेवणारा शिक्षक मराठी घरच्या मुलालाही अधिक शिकवितो.

आता बीडकडे या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कायद्याने प्राथमिक वर्गांचे कामाचे दिवस २००. त्यांपैकी निम्म्याहून अधिक उसाच्या फडावर जातात. हंगामी वसतिगृहे निघाली, ती हवीतच. पण धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी नेलेली मुलगी त्यांत येत नाही. तिच्यासाठी गावच्या गुरुजींनी निघण्यापूर्वी एक चिठ्ठी लिहून द्यावी: हिला काय वाचता येते, कुठवर हिशेब येतो. फडाजवळच्या शाळेने ती वाचून तिला त्याच दिवशी वर्गात घ्यावे. आणि मार्च-एप्रिलमध्ये ती परतली की मागच्या बाकावर न बसविता, तिने फडावर मोळ्यांचा आणि उचलीचा जो हिशेब ऐकला असेल, तेथूनच गणिताचा तास सुरू करावा.