तारामती गिरगावची



स्वागताध्यक्षाचं खरं काम ‘या, बसा’ एवढंच. पुढचं भाषण तो हौसेनं करतो आणि मंडळी सौजन्यानं ऐकतात. त्या सौजन्यावर आज थोडा भार टाकतो.

चित्रपटाच्या इतिहासाचं संमेलन गिरगावात का, दादरला का नाही, असं आमच्या बैठकीत एकानं विचारलं. दादरला गाडी लावायला जागा मिळते, असा त्यांचा भाबडा समज होता. दादरचा हक्क मी नाकारत नाही. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या बंगल्यात चित्रित केला. पण तो लोकांना दाखवला ३ मे १९१३ ला आमच्या सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये. पुढे १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ बोलला तो आमच्या मॅजेस्टिकमध्ये. आज तिथं खरेदीचं संकुल आहे. चित्रं आम्ही काढली नसतील, पण तिकिटाच्या रांगेत पहिले आम्हीच होतो.

आणि लग्नपत्रिका पसंत करायला आपण ज्या कांदेवाडीत जातो, तिथल्या लाडांच्या मोठ्या एकत्र कुटुंबात दुर्गा खोटे वाढल्या. जन्म १४ जानेवारी १९०५. वडील पांडुरंग शामराव लाड नावाजलेले सॉलिसिटर, मूळचे गोव्याकडचे, घरात कोकणी बोलत. मुलगी कॅथीड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्समध्ये शिकली. कॉलेजात असतानाच खोट्यांच्या श्रीमंत घरात पडली. त्यामुळे दुर्गाबाईंवर कोणीही बोलायला उभा राहिला की भाषण ठरलेलं असतं : प्रतिष्ठित घरातली सुशिक्षित स्त्री सिनेमात आली आणि सिनेमाला अब्रू आली. मीही हे टाळ्या घेत बोललो आहे. आज तसं बोलणार नाही, कारण त्यात एका बाईचं मोठेपण तिच्या माहेर-सासरच्या खात्यावर जमा होतं, आणि तिच्या आधी आलेल्या दोघी हिशेबातून गळतात.

मुळापासून सांगतो. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती हवी होती. बाई मिळेना. ज्या वस्तीत चांगल्या घरचे लोक उजेडी जात नसत, तिथंही त्यांनी विचारून पाहिलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दहा रुपयांचा पगार पंधरा झाला, म्हणून. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र बायका आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी कमला मोहिनी. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पोरीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणारी बाई. रंगभूमीवर उभी राहिली म्हणून समाजानं तिला आधीच ओवाळून टाकलेलं होतं. तिच्या येण्यानं सिनेमाला अब्रू आली असं कोणी म्हणालं नाही. ती पोरगी म्हणजे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. त्या १९९८ पर्यंत होत्या. आमच्यापैकी कितीजण त्यांना भेटायला गेले? रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, हे आपलं नशीब.

आता दुर्गाबाई खोट्यांकडे या. सासरची श्रीमंती ओसरली. पदरात दोन मुलगे. आधी शिकवण्या केल्या, त्यात भागेना. १९३१ साली मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये छोटं काम मिळालं. त्याची जाहिरात कशी झाली पाहा : प्रसिद्ध सॉलिसिटर लाडांची कन्या, प्रसिद्ध खोटे घराण्याची सून! नटीचा अभिनय दिसायच्या आधी तिचं घराणं विकायला काढलं. चित्र पडलं आणि चिखल उडाला तो बाईंवर. त्याच गिरगावनं नाकं मुरडली, जे आज स्वागताध्यक्षाला पुढं करून त्यांचा अभिमान सांगतंय.

दुसरी कोणी घरी बसली असती. पण घरी बसायची चैन त्यांना परवडत नव्हती. हे वाक्य आपण नेहमी घाईत उरकतो, म्हणून मी इथं थांबतो. व्ही. शांताराम प्रभातसाठी ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात करत होते. त्यांनी तारामतीसाठी दुर्गाबाईंना घेतलं. १९३२. समोर हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. एकोणीस वर्षांपूर्वी जी तारामती साळुंक्यांना लुगडं नेसवून उभी करावी लागली, ती आता कांदेवाडीची मुलगी झाली. तारामतीची गोष्ट तरी काय? राज्य गेलं, नवरा हतबल, पोर पदरात, आणि राणी काशीत दुसऱ्याच्या घरी राबायला उभी. ही भूमिका त्यांना समजावून सांगायला कोणा दिग्दर्शकाची गरज पडली असेल असं मला वाटत नाही. बोलपट नवे होते, उसनवार आवाजाची सोय नव्हती. बोलणं, गाणं सगळं नटानंच जागेवर करायचं.

त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मधली राणी, १९३६ मध्ये ‘अमर ज्योती’मधली समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी. पण मला पडद्याबाहेरची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या काळी नटनट्या स्टुडिओच्या पगारपटावर असत, गिरणीतल्यासारख्या. दुर्गाबाई एका मालकाच्या झाल्या नाहीत. प्रभातचं काम केलं, तसं कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्सचं ‘राजरानी मीरा’ आणि ईस्ट इंडियाचं ‘सीता’ही केलं. स्वतःचे करार स्वतः करणाऱ्या पहिल्या मोजक्या कलावंतांत त्या आहेत. झेवियर्सचं शिक्षण खरं तिथं कामी आलं असावं. कागद वाचून सही करायची सवय सॉलिसिटरच्या घरात लागतेच!

पुढचं तुम्हाला पाठ आहे. अत्र्यांची ‘पायाची दासी’, ‘भरत मिलाप’मधली कैकेयी, १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई. आमच्या साहित्य संघाच्या रंगमंचावर ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई. १९६१ च्या दिल्लीच्या मराठी नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद. १९६८ ला पद्मश्री, १९८३ ला फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना बाई मिळत नव्हती, त्यांच्या नावाचा. आणि ऐंशी ओलांडल्यावर ‘वागळे की दुनिया’ ज्या संस्थेनं काढली, तीही त्यांचीच. १९९१ मध्ये त्या गेल्या.

लालबाग-परळच्या पाहुण्यांना हे सारं नवं वाटायचं कारण नाही. तुमच्याकडं आजीच्या पिढीतल्या बायका रिळिंग-वायंडिंग खात्यात उभ्या राहात, घरी येऊन चार गिरणीवाल्यांची खाणावळ चालवत. त्यांना कोणी कुळ विचारलं नाही, अब्रूचे दाखले मागितले नाहीत, आणि सत्कारही केले नाहीत. दुर्गाबाईंना मी त्या रांगेत उभं करतो. त्यात त्यांचा मान कमी होत नाही.

म्हणून उद्या दुपारचा परिसंवाद मी हट्टानं घालून घेतला आहे : पडद्यामागच्या बायका. कोरसच्या मुली, एक्स्ट्रा, केशभूषा करणाऱ्या. मुंबईच्या सिनेमात रंगभूषाकार म्हणून बाईला संघटनेचं कार्ड मिळत नव्हतं, हे ठाऊक आहे ना? ती बंदी सर्वोच्च न्यायालयानं काढली २०१४ साली. ‘फरेबी जाल’नंतर त्र्याऐंशी वर्षांनी. वक्त्यांनी त्यावर बोलताना कृपया नटीचा पदर आणि डोळे यांवर वेळ घालवू नये. मानधन, करार, कामाचे तास यांवर बोलावं.

आता व्यवहाराचं. जेवणाच्या दोन पंगती आहेत, पहिली साडेबाराला. चर्नी रोडला उतरून येणारे अजून काही प्रतिनिधी वाटेत आहेत, पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या त्यांच्यासाठी सोडा. ‘अयोध्येचा राजा’ संध्याकाळी सहाला दाखवणार आहोत. प्रवेश विनामूल्य असला तरी उशिरा येणाऱ्याला जिन्यातच बसावं लागेल. आमच्या स्वयंसेवकांत मुलींची संख्या जास्त आहे, त्यांना चहा आणायला सांगू नका. चहा मुलांकडं दिला आहे.

उद्घाटकांना विनंती, त्यांनी दीपप्रज्वलनासाठी पुढं यावं.