फुकटचं सॉफ्टवेअर आणि भरवशाचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस पाच मिनिटांत एखादं व्हाउचर पास करतो, भाषण नाही. तरी प्रयत्न करतो.

चार वर्षांपूर्वी मी खजिनदार होतो. आपला मेंटेनन्स आणि सिंकिंग फंडाचा हिशेब विकत घेतलेल्या एका प्रोग्राममध्ये होता. संगणक बिघडला, नवीन घेतला, तर तो प्रोग्राम उघडेना. त्याला नवं लायसन्स लागत होतं आणि देणारा फोन उचलत नव्हता. सहा वर्षांचा हिशेब आत, आपण बाहेर!

मी जुन्या प्रिंटांवरून थकबाकीची यादी केली आणि एका काकूंना नोटीस धाडली. दुसऱ्या दिवशी त्या बिस्किटाचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मी तं सारे पैसे भरले. पावत्या हायेत माह्याजवळ." खरंच होत्या. त्यातल्या दोन माझ्याच सहीच्या! नोटीस तिथेच फाडली, माफी मागितली. आज सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.

मग आपल्याच सोसायटीतल्या एका इंजिनीअर मुलाने सुचवलं, "काका, पोस्टग्रेस वापरू. ओपन सोर्स आहे, लायसन्सला पैसे नाहीत." मी म्हटलं, "बापू, फुकटाचं कधी टिकते का?" दोन बैठका मी विरोध केला. मग ठरवलं, कर्जाचा अर्ज तपासतो तसं हे प्रकरण तपासू.

पहिला प्रश्न, मागे कोण आहे? पोस्टग्रेसचं काम 1986 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली सुरू झालं. पुढे त्यांना संगणकशास्त्रातलं मानाचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. 1996 पासून ते आजच्या नावाने चालू आहे. एका कंपनीची मालकी नाही. जगभरची मंडळी मिळून सांभाळतात आणि प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षं दुरुस्त करत राहतात. म्हणजे जामीनदार एक नाही, पुष्कळ आहेत.

दुसरा प्रश्न, मालक बदलला तर? मायएसक्यूएल हा असाच दुसरा डेटाबेस. 2008 मध्ये तो सन कंपनीने घेतला, 2010 मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. पण कोड खुला होता. मूळ कर्त्याने 2009 मध्येच त्यावरून मारियाडीबी वेगळा काढला. आपल्या बंद प्रोग्रामबाबत हीच सोय नव्हती. भारत सरकारनेही 2015 मध्ये सरकारी कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं, हे वाचून माझा विरोध निम्मा झाला.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. इथे, अमरावतीत, ते सांभाळणार कोण? डेटाबेस जगाचा, पण त्यावरचा पावतीचा प्रोग्राम त्या एका मुलाने लिहिलेला. उद्या तो पुण्याला गेला तर? पुन्हा आत-बाहेरच!

उत्तर मला बँकेनेच दिलं. तिजोरी एकट्याच्या चावीने उघडत नाही आणि चाव्यांचा दुसरा संच दुसऱ्या शाखेत असतो. म्हणून आपण ठरवलं : पासवर्ड दोघांना माहीत, शिवाय सीलबंद पाकिटात. प्रोग्रामचा सगळा कोड आणि मराठीत लिहिलेली कृती सोसायटीच्या कपाटात. दर महिन्याला सभासदांच्या खात्यांची कागदी प्रिंट. बॅकअप दोन ठिकाणी.

अकोल्याच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा आम्ही हाताची लेजरंही चालू ठेवली होती. इथेही सहा महिने वही आणि संगणक दोन्ही चालवलं, दर महिन्याला ताळा जुळवला.

आणि एक खरी गोष्ट सांगतो. तिसऱ्या महिन्यात मी म्हटलं, बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखव. उघडली तर फाइल रिकामी! मुलगा पांढरा पडला. मी म्हटलं, "घाबरू नको, बरं झालं आज कळलं." 2017 मध्ये गिटलॅब नावाच्या मोठ्या कंपनीत चुकून चालू डेटाबेसच पुसला गेला. तोही पोस्टग्रेसच होता. बॅकअपचे पाच मार्ग होते, वेळेवर एकही धड चालला नाही. सुमारे सहा तासांची माहिती गेली. दोष डेटाबेसचा नव्हता. बॅकअप उघडून पाहिले नव्हते.

तेव्हा विश्वास ठेवावा का? ठेवावा, पण बँकेच्या रीतीने, रोज तपासून. फुकट ते लायसन्स, देखभाल फुकट नाही. वार्षिक सभेत देखभालीची रक्कम पाहून कपाळाला आठ्या घालू नका.

आता दर तीन महिन्यांनी पहिल्या रविवारी आपण बॅकअप उघडून पाहतो. माझे डोळे आता साथ देत नाहीत. तरुण मंडळींपैकी दोघांनी पुढे यावं, एवढंच मागणं. काकूंचा तो डबा मात्र त्यांनी फेकू नये. आपल्या संगणकापेक्षा तो जुना आणि अजून तरी जास्त भरवशाचा आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!