मखरामागचे वेटोळे
(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



बुद्धिदात्याच्या दारात आज थोडे गणित मांडणार आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतली मुले चुळबुळ करू लागली आहेत. पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे मी जाणार नाही. सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

२००३ सालची गोष्ट. मूर्तीवर भरपूर प्रकाश पडावा म्हणून आपण एक-एक हजार वॅटचे तीन हॅलोजन लावले होते. वीज शेजारच्या क्वार्टरमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून घेतली होती. मंडप पंधरा मीटरवर, वायर मात्र तीस मीटर. उरलेल्या वायरचे वेटोळे मी स्वतः छान गुंडाळून मखराच्या मागे, पडद्याआड ठेवले. दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना कापराच्या वासात आणखी एक वास मिसळला. एका वहिनींना तो आधी जाणवला. "भाऊजी, काहीतरी जळतंय हो," त्या म्हणाल्या. पडदा सारला, तर वेटोळ्यावरचे प्लास्टिक मऊ होऊन पदर एकमेकांना चिकटले होते. मेन स्विच बंद केला. कोणाला इजा झाली नाही. पण समोरच सतरंजीवर लहान मुले बसली होती, आणि विजेची देखभाल हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय! त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी तसलीच दुसरी वायर पूर्ण उलगडून लावली आणि मीटर घेऊन बसलो. सॉकेटपाशी २३० व्होल्ट, दिव्यांपाशी २१५ व्होल्ट, आणि वायरमधून जाणारा प्रवाह १२.५ अँपिअर.

आता गणित. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. वाटेतल्या अडथळ्याला मराठी पुस्तकात रोध म्हणतात, इथल्या हिंदी शाळेत आपली मुले प्रतिरोध शिकतात, आणि आपला वायरमन म्हणतो रेझिस्टन्स. तो ओहममध्ये मोजतात. जर्मनीच्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली आपल्या पुस्तकात हा नियम मांडला. सगळा हिशोब दोन ओळींत बसतो :

व्होल्ट भागिले अँपिअर = ओहम.
व्होल्ट गुणिले अँपिअर = वॅट.

दुसरी ओळ शक्तीची, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते त्याची.

इथे एक चूक हमखास होते. वायरचा रोध काढायचा असताना आपण २३० ला १२.५ ने भागतो. उत्तर येते १८.४ ओहम, पण तो दिवे आणि वायर मिळून सगळ्या वाटेचा रोध झाला. ज्या भागाचा रोध हवा, त्याच भागावर पडलेले व्होल्ट घ्यायचे. २३० मधले २१५ दिव्यांना मिळाले. उरलेले १५ वायरने खाल्ले. म्हणून वायरचा रोध १५ भागिले १२.५, म्हणजे १.२ ओहम. दिव्यांचा १७.२. बेरीज करा, बरोबर १८.४ येते.

१.२ ओहम म्हणजे काहीच नाही, असे वाटते ना? मलाही वाटले होते. पण १५ गुणिले १२.५ करा : १८७.५ वॅट! एवढी शक्ती नुसती वायर तापवण्यात जात होती. वायर उलगडलेली असती तर ही उष्णता हवेत निघून गेली असती. पण निम्मी वायर वेटोळ्यात होती. म्हणजे सुमारे ९४ वॅट एकाच जागी कोंडले गेले. पेटता शंभर वॅटचा बल्ब कापडात गुंडाळून मखरामागे ठेवायला आपण कोणी तयार होऊ का? मी तेच केले होते.

मग एमसीबी का पडला नाही? कारण तो १६ अँपिअरचा, आणि प्रवाह १२.५ चा. वायर बारीक आहे, गुंडाळलेली आहे, हे एमसीबीला कळत नाही. ते आपणच पाहायचे.

आणखी एक गोष्ट. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह निम्मा केला तर उष्णता चौथाई होते. आज त्या हॅलोजनच्या जागी शंभर-शंभर वॅटचे तीन एलईडी लावले, तर ३०० भागिले २३०, म्हणजे सुमारे १.३ अँपिअर. त्याच वायरमध्ये आता जेमतेम २ वॅट जातील. १८७ वरून २! मोटार किंवा पंप असेल तर मात्र या भागाकारापेक्षा प्रत्यक्ष प्रवाह जास्त असतो, तेव्हा हात राखून हिशोब करा.

शेवटी पावसाचे. भाद्रपदात मंडपाची जमीन ओली, पाय ओले. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर अंगातून जाईल. एमसीबीच्या दृष्टीने ते नगण्य. माणसाला मात्र प्राणघातक. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी मंडपाच्या लाइनवर हवाच. वर्गणी कमी पडली तर एक तोरण कमी लावा, पण यात काटकसर नको.

माझी समितीला एवढीच विनंती आहे. प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी सगळ्या उपकरणांचे वॅट एका कागदावर लिहून बेरीज करा, २३० ने भागा, त्या प्रवाहाला पुरेल अशी जाड वायर घ्या आणि ती पूर्ण उलगडा. हे काम आठवी-नववीच्या मुलांना द्या, मोठ्यांनी तपासा. वायर जोडायला मात्र वायरमनच हवा. पाच मिनिटांचे गणित आहे. मी ते २००३ साली केले नव्हते. बाप्पाने आणि त्या वहिनींच्या नाकाने सांभाळून घेतले.

गणपती बाप्पा मोरया!