मुलांच्या जुन्या कपड्यांचं दुकान: पैसा खरेदीच्या काउंटरवर ठरतो

शेअर, म्युच्युअल फंड, घर यावर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय वेगळा आहे: लहान मुलांचे वापरलेले कपडे आणि सामान विकणारं दुकान, आणि त्याची फ्रँचायझी घेण्यात पैसे घालावेत का.

आधी माझ्याबद्दल थोडंसं. मी भारतात बीटेक केलं, आता अमेरिकेत ओहायोमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि एच-वन-बी व्हिसावर आहे. व्हिसाचं का सांगितलं ते पुढे कळेल. आमच्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने विचारलं, "अशा दुकानात निम्मी भागीदारी घेता का?" आमच्याकडे घराच्या डाउन पेमेंटसाठी चार वर्षं साठवलेले पैसे आहेत, दुसरं काही नाही. म्हणून हो-नाही म्हणायच्या आधी मी हा धंदा नीट समजून घेतला.

योगायोग म्हणजे यातली सगळ्यात मोठी साखळी आमच्याच राज्यातली. 'वन्स अपॉन अ चाइल्ड' हे दुकान १९८५ मध्ये ओहायोतल्या पेरिसबर्गला एका जोडप्याने सुरू केलं. आज ही साखळी मिनेसोटाच्या विनमार्क कंपनीकडे आहे आणि अमेरिका-कॅनडात मिळून तिची ४०० हून जास्त दुकानं आहेत. 'किड टू किड' ही अशीच दुसरी साखळी.

आता धंदा कसा चालतो? आईवडील पिशव्या भरून कपडे, खेळणी, स्ट्रोलर घेऊन येतात. काउंटरवरची व्यक्ती एकेक वस्तू तपासते, हवं ते ठेवते, भाव सांगते आणि तिथल्या तिथे रोख पैसे देते. नको ते परत. विकलं गेलं तर पैसे देऊ, असा इथे प्रकार नाही. म्हणजे वस्तू आत आली की तिची जोखीम पूर्णपणे मालकाची.

हे ऐकून मला आमच्या लहानपणची बोहारीण आठवली. जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी. ती साडी उजेडात धरायची, काठ बघायची, घडीवर विरलीय का ते चाचपायची आणि मग म्हणायची, "अजून एक पँट टाका, ताई." तिचा नफा त्या दारातच ठरायचा. पुढे बाजारात ती फक्त तो वसूल करायची. हा धंदा अगदी तसाच आहे.

हिशेब करून बघू. आकडे माझे, फक्त समजावण्यासाठी. समजा १० फ्रॉक प्रत्येकी ३ डॉलरला घेतले आणि प्रत्येकी ९ डॉलरला विकले. विक्री ९०, खरेदी ३०. विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी धरली तर ४.५०. उरले ५५.५०. यातून भाडं, पगार, वीज, विमा जायचंय.

आता समजा काउंटरवर घाई झाली. एकेका फ्रॉकला ३ ऐवजी ४ डॉलर दिले, आणि त्यातले ३ फ्रॉक डागामुळे पडून राहिले, शेवटी एकेक डॉलरला काढले. विक्री झाली ६६, खरेदी ४०, रॉयल्टी ३.३०. उरले २२.७०. म्हणजे विक्री साधारण पाव हिश्श्याने घटली, पण हातातले पैसे निम्म्याहून जास्त गेले. दुकानात गर्दी तेवढीच. भाडंही तेवढंच. आणि रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही, हे लक्षात ठेवा. तोट्याच्या महिन्यातही ती द्यावीच लागते.

मग फ्रँचायझी घ्यायची कशाला? नाव मिळतं, प्रशिक्षण मिळतं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भाव ठरवायला मदत करणारी संगणक यंत्रणा. कोणता ब्रँड, कोणता साइझ, काय भाव द्यावा, हे ती सुचवते. नवख्या माणसाला याचा मोठा आधार. पण चेन अडकतेय, इलॅस्टिक सैल झालंय, काखेत पिवळा डाग आहे, हे माणसालाच बघावं लागतं.

मुलांच्या वस्तूंचा एक मोठा फायदा आहे. मूल वाढतंच. पहिल्या वर्षातच न्यूबॉर्न, ३, ६, ९, १२ महिने असे साइझ बदलतात, त्यामुळे कपडे फाटायच्या आधी लहान होतात. माल येत राहतो, गिऱ्हाईकही येत राहतं. आज विकायला आलेली आई जाताना पुढचा साइझ घेऊन जाते. आपल्याकडे बाळाला जुन्या मऊ लुगड्याची दुपटी वापरायची रीत आहेच, त्यामुळे यात आपल्याला काही विचित्रही वाटू नये. शिवाय चार डॉलरचा शर्ट ऑनलाइन विकायचा तर फोटो, वर्णन, पॅकिंग, टपाल यातच पैसे संपतात. दुकानात तो फक्त हँगरला लावायचा.

पण जबाबदारीही मोठी आहे. इथे ग्राहक सुरक्षा आयोगाने परत मागवलेली वस्तू विकणं बेकायदा आहे, ती जुनी असली तरी. बाजूची जाळी खाली सरकणारे पाळणे २८ जून २०११ पासून विकता येत नाहीत, नवेही नाहीत आणि वापरलेलेही नाहीत. लहान मुलांच्या जॅकेटला गळ्याशी ओढायची दोरी असेल तर तेही घ्यायचं नाही, कारण ती अडकून गळफास बसतो. कार सीटवर मुदत छापलेली असते. हे सगळं शनिवारी दुपारी, रांगेत दहा जण उभे असताना, कुणीतरी तपासायचं असतं. यातली चूक डॉलरमध्ये मोजता येत नाही.

आता कागदपत्रं. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी एक माहितीपत्र द्यावं लागतं. त्याला एफडीडी म्हणतात आणि त्यात २३ कलमं असतात. कलम ७ मध्ये एकूण सुरुवातीचा खर्च असतो. विनमार्कची फी २५,००० डॉलर ऐकून काही जण खूश होतात, पण दुकानाची जागा, फर्निचर आणि पहिला माल हा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. कलम २० मध्ये गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, बंद झाली, हस्तांतरित झाली ते असतं, आणि सोडून गेलेल्या मालकांशी संपर्क कसा करायचा तेही. मी सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवला. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट: भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. तिथे हे सगळं तुम्हाला स्वतः मागावं लागेल.

अजून दोन गोष्टी. करार साधारण १० वर्षांचा असतो. आणि दुकानासाठी कर्ज घेतलं तर मालकांना सहसा वैयक्तिक हमी द्यावी लागते. निम्मी भागीदारी म्हणजे मी त्यात आलोच. दुकान बुडालं तर माझी बचत आणि पगार, दोन्ही पणाला.

आणि आता तो व्हिसा. एच-वन-बीवर तुम्ही व्यवसायात पैसे गुंतवू शकता, पण तिथे काम करू शकत नाही. माझ्या स्वतःच्या दुकानात मी काउंटरवर उभा राहिलो तर ते परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं. पगार घेतला नाही म्हणून सुटका होत नाही. गुंतवणूकदारांचा ई-टू व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, तसा करारच दोन देशांत नाही. जोडीदाराकडे एच-फोर आणि वर्क परमिट असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या बायकोला ते अजून मिळालेलं नाही. मी वकील नाही, तुम्ही तुमच्या वकिलाला विचाराच.

आता सगळं एकत्र ठेवा. पैसा खरेदीच्या काउंटरवर ठरतो. त्या काउंटरवर आम्हा दोघांपैकी कुणीही उभं राहू शकत नाही. आणि कर्जाची हमी मात्र आमचीही. म्हणून आम्ही नाही म्हणालो. फोनवर नाही, त्यांच्या घरी जाऊन, वही पुढे ठेवून. पहिली दहा मिनिटं अवघडच गेली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचा आमच्यावर विश्वास नाही असंच झालं ना हे?" मी म्हटलं, विश्वास आहे, पण तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी मी एक शनिवारही उभा राहू शकत नाही. असा भागीदार तुम्हाला तरी का हवा?

त्यांचं उत्तर मात्र 'हो' येऊ शकतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, वहिनींनी मुंबईत कापडाच्या दुकानात हिशेब आणि खरेदी सांभाळलीय, कापड हातात घेऊन त्यांना कळतं. आता ते लहान जागा बघतायत आणि मी त्यांना एक्सेलमध्ये मदत करतोय, घरी बसून, मित्र म्हणून. तेवढंही चालेल ना, हे मी वकिलाला विचारून घेतलं.

तुमच्यासमोर असा प्रस्ताव आला तर दोन शनिवार अशा दुकानात नुसते फिरा. विक्रीचं काउंटर बघू नका, खरेदीचं बघा. किती पिशव्या येतात, किती परत जातात, कोण तपासतंय. मग सोडून गेलेल्या दोन-तीन मालकांना फोन करा आणि एकच विचारा: खरेदी कोण करत होतं? मला दोन जणांनी थोड्याफार फरकाने तेच सांगितलं, की स्वतः उभे होतो तोवर बरं चाललं होतं.

प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या भागात घेऊ.