फिकट गुलाबीची चढती कमान

२० जानेवारी १९५३ रोजी ड्वाइट आयझेनहॉवर यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये झालेल्या नृत्यसमारंभाला त्यांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर फिकट गुलाबी रेशमी झगा परिधान करून आल्या. नेटी रोझनस्टाइन यांनी बेतलेल्या त्या झग्यावर २,००० हून अधिक चमकते खडे जडवलेले होते. बाईंना हा रंग मनापासून प्रिय होता. व्हाइट हाऊसमधील खासगी दालनांतही त्यांनी तो इतका आणला, की त्या वास्तूला थट्टेने ‘गुलाबी महाल’ म्हटले जाऊ लागले. पुढल्या चार-पाच वर्षांत त्या देशातील टोप्या, पुरुषांचे सदरे, स्नानगृहांतील फरश्या, शीतकपाटे आणि मोटारीसुद्धा गुलाबी झाल्या. एका स्त्रीच्या आवडीने हे सारे घडले, असे सांगण्याची प्रथा आहे. गोष्ट गोड आहे. परंतु अपुरी आहे.

ज्यांना पेस्टल रंग म्हणतात, ते चित्रकाराच्या रंगीत खडूवरून आलेले नाव धारण करतात. मूळ गडद रंगात पांढऱ्याचा भरपूर अंश मिसळला, की तो सौम्य, दुधाळ होतो. मराठी घरांना असे रंग नवे नाहीत. अबोली, मोतिया, बदामी, आकाशी ही नावे लुगड्यांच्या दुकानात फार जुनी आहेत. पण एखादी छटा पेटीतल्या एका वस्त्रापुरती असणे निराळे, आणि तीच छटा एकाच वेळी पदरावर, पेल्यावर आणि भिंतीवर उमटणे निराळे.

त्यासाठी आधी कारखान्याची तयारी व्हावी लागते. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत १९४२ पासून कापडाच्या वापरावर निर्बंध होते, खासगी मोटारींचे उत्पादन थांबलेले होते, आणि डोळ्यांसमोर सदैव लष्करी हिरवट-तपकिरी रंग होता. युद्ध संपल्यावर लोकांनी उजळ रंगांचा हव्यास धरला, यात नवल नाही. तथापि हव्यास असून भागत नाही. बेकेलाइट या जुन्या प्लॅस्टिकची राळच मुळात काळसर असे. तिच्यात नाजूक गुलाबी खुलवणे अशक्यप्राय होते. युरिया आणि मेलामाइन यांपासून बनलेली नवी प्लॅस्टिके आली, तेव्हा कुठे बशा-पेल्यांना फिकट छटा घेता आली. टायटॅनियमच्या शुभ्र रंगद्रव्यामुळे पत्र्यावरील मुलामा आणि भिंतीचा रंग यांनाही स्वच्छ पांढरा पाया मिळाला. कापडाचेही तसेच. गडद रंग सुताचा मळकटपणा पोटात घालतो. फिकट रंग चुगली करतो. कापड नीट धुऊन शुभ्र केले नसेल, रंग कुठे कमी-अधिक बसला असेल, तर डाग लगेच दिसतो. रंगाऱ्याच्या दृष्टीने फिकट म्हणजे सोपे, असे मुळीच नाही.

दुसरी तयारी कागदावरची. पहिल्या महायुद्धाने युरोपातील रंगांची आवक तोडली, त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वस्त्रव्यवसायाची एक रंगसंस्था उभी राहिली. मार्गारेट हेडन रॉर्क यांनी तिचा कारभार दीर्घकाळ पाहिला. येत्या हंगामाचे रंग ठरवून, त्यांना नावे देऊन, नमुन्यांची पत्रके ही संस्था गिरण्या, चर्मकार, टोपीवाले यांच्याकडे आगाऊ पाठवी. त्यामुळे जोडा आणि झगा एकमेकांना शोभत. पुढे हीच रीत घरगुती वस्तूंच्या व्यापारात शिरली. ग्राहक स्त्री दुकानात आपल्या आवडीने गुलाबी निवडते खरी. पण तिच्यापुढील मांडणीतून बाकीचे रंग कितीतरी आधी दुसऱ्या कोणी बाजूला सारलेले असतात.

म्हणून व्यापाऱ्यांना रंगाच्या बाबतीत सर्वस्वी सत्ता असते, असेही नव्हे. डॉज कंपनीने १९५५ मध्ये ‘ला फाम’ नावाची गुलाबी-पांढरी मोटार खास स्त्रियांसाठी म्हणून काढली. सोबत त्याच थाटाची हातपिशवी, लाली आणि छत्री दिली. स्त्रियांनी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि १९५६ नंतर ती बंद पडली. हातपिशवीच्या रंगाची मोटार हवी, अशी मागणी बहुधा कोणी केलीच नव्हती. एल्विस प्रेस्ली यांच्या गुलाबी कॅडिलॅकचे मात्र त्याच सुमारास कौतुक झाले! १९५७ च्या ‘फनी फेस’ चित्रपटात तर या फॅशनची खरपूस थट्टा आहे: मासिकाची संपादिका साऱ्या जगाला गुलाबी नेसायचा हुकूम सोडते, आणि स्वतः मात्र तो रंग अंगाला लावत नाही.

साठ वर्षांनी हाच खेळ पुन्हा रंगला. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलने गुलाबी सोन्याच्या छटेचा फोन आणला. त्यानंतर पँटोन या रंगनमुन्यांच्या कंपनीने २०१६ साठी फिकट गुलाबी आणि फिकट निळा असे दोन रंग जाहीर केले. भविष्य वर्तवले गेले, तेव्हा ते लोकांच्या खिशात येऊन पोचले होते! डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचा विवाह इटलीत झाला. सब्यसाची मुखर्जी यांनी बेतलेला वधूचा फिकट गुलाबी लेहंगा छायाचित्रांतून भारतभर पोचला, आणि लाल शालूच्या परंपरेत वाढलेल्या अनेक वधू फिकट रंगांकडे वळल्या. आज पैठणीही त्या छटांत मिळते. मराठी वधूची अष्टपुत्री मात्र पिवळी राहिली आहे.

वस्त्राच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. हौस फिटली, की ते कपाटात जाते. स्नानगृहाचे तसे नसते. १९५० च्या दशकातील अमेरिकन घरांत गुलाबी फरशी जाड चुन्या-सिमेंटात पक्की बसवलेली होती, आणि तिच्याच रंगाची चिनी मातीची भांडी शेजारी होती. पुढे हिरवट आणि पिवळट-सोनेरी छटांचा जमाना आला, नंतर पुन्हा पांढऱ्याचा. घरे विकत घेणाऱ्या नव्या कुटुंबांना ती गुलाबी जागा लाजिरवाणी वाटू लागली. कुदळीने ती फोडण्यात आली. कित्येक ठिकाणी फरशीला तडासुद्धा गेलेला नव्हता, आणि तिचा रंग जराही उडालेला नव्हता.