आलं ते रीडिंग लिहा



दहावीचा निकाल लागला की घराघरांत सायन्स की कॉमर्स यावर खल सुरू होतो. ज्या घरात सायन्सचा कौल पडतो तिथली मुलं-मुली पावसाळ्यात पहिल्यांदा रसायनशास्त्राच्या खऱ्या प्रयोगशाळेत पाऊल टाकतात. शाळेत बहुतेकांनी प्रयोग बाईंच्या टेबलावर लांबून पाहिलेला असतो. स्वतःच्या हातात ब्युरेट येते ती इथेच. समोरच्या भिंतीवर नियमांचा फलक असतो आणि जर्नलच्या पहिल्या पानावर तेच नियम पुन्हा छापलेले असतात. ते वाचतं कोण? प्रवेशाची गडबड, बॅचेस पाडण्याची घाई, आणि नियम म्हटले की कंटाळा.

आज मला त्या कंटाळवाण्या फलकाबद्दलच बोलायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: डोळ्यांवर गॉगल न चढवणारा विद्यार्थी आणि जर्नलमध्ये मनाचं रीडिंग लिहिणारा विद्यार्थी, दोघांच्याही मागे एकच सवय असते. ‘काय होतंय त्याला?’ ही ती सवय. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलने ती मोडली, तर त्या वर्षाचं सार्थक झालं असं मी मानते.

आधी सुरक्षेचे नियम घेऊ. ‘पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी घालू नका’ हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. का, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. संहत सल्फ्युरिक ॲसिडची घनता 1.84, म्हणजे ते पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. त्यात पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं. दोन्ही जिथे भेटतात तिथे इतकी उष्णता निघते की पाण्याचा तो पातळ थर जागच्या जागी उकळतो आणि उसळताना ॲसिड बरोबर घेऊन उडतो. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. उलट भरपूर पाण्यात ॲसिडची बारीक धार सोडली आणि काचकांडीने ढवळत राहिलं, तर जड ॲसिड खाली उतरतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. बीकर तरीही हाताला चांगलाच गरम लागतो. विद्यार्थ्याने तो बाहेरून एकदा हात लावून पाहावा. मग नियम पाठ करावा लागत नाही.

डोळ्यांचंही तसंच. मुलं ॲसिडला भितात आणि कॉस्टिक सोड्याला साधा समजतात. ॲसिडमुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि त्याने पुढचा शिरकाव काही अंशी तरी अडतो. सोडियम हायड्रॉक्साइड मात्र पेशींमधली स्निग्ध द्रव्यं विरघळवत आत आत जातं. आता ब्युरेट भरणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. स्टँडवरची ब्युरेट त्याच्या डोक्याच्या वर, फनेल तिच्या तोंडावर, आणि हा टाचा उंचावून, मान वर करून सोडा ओततोय. गॉगल कपाळावर! म्हणून ब्युरेट भरताना ती खाली घ्यायची, फनेलचं तोंड डोळ्यांच्या खाली ठेवायचं आणि गॉगल शेवटची काच धुऊन होईपर्यंत काढायचा नाही. तरीही डोळ्यात काही गेलंच तर पाणी, पाणी आणि पाणीच. निदान पंधरा मिनिटं सतत. ॲसिडवर अल्कली टाकून उतारा करायला जाऊ नये.

ॲप्रन सुती का, ओढणी आत का खोचायची, केस का बांधायचे, हेही मुलींना आणि मुलांना कारणासकट सांगायला हवं. 29 डिसेंबर 2008 रोजी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शेरी संगजी ही 23 वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्यूटिल लिथियम सिरिंजने काढत होती. हवा लागताच पेट घेणारं हे द्रव्य. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव बाहेर आला आणि तिच्या अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. अंगावर लॅब कोट नव्हता. 16 जानेवारी 2009 रोजी ती गेली. आपल्या अकरावीच्या प्रयोगशाळेत असलं द्रव्य नसतं, पण बर्नर असतो, स्पिरिट असतं, आणि नायलॉनची ओढणी असते. वितळलेला नायलॉन कातडीला चिकटतो. सुती कापड तसं चिकटत नाही. नियमाच्या मुळाशी एवढं साधं कारण आहे.

काही वेळा नियम पाळूनही घात होतो, आणि मग नियम बदलावा लागतो. डार्टमथ कॉलेजच्या कॅरेन वेटरहान या विषारी धातूंच्या नामवंत अभ्यासक. ऑगस्ट 1996 मध्ये फ्यूम हूडखाली काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे थोडे थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे काळजी घेतलेली होती. हे द्रव्य लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, हे त्यानंतर तपासल्यावर कळलं. त्रास दिसायला काही महिने लागले आणि जून 1997 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर अशा द्रव्यांसाठी हातमोज्यांचे नियम नव्याने लिहिले गेले. फलकावरच्या ओळींमागे अशी माणसं आहेत. त्या ओळी वाचताना हे ध्यानात असलं पाहिजे.

आता दुसऱ्या प्रकारच्या नियमांकडे येते. प्रॅक्टिकलला येताना प्रयोग वाचून या, रीडिंग थेट जर्नलमध्ये पेनाने लिहा, खाडाखोड झाली तर एकच रेघ मारा. हे नियम मुलांना सरांचा हट्ट वाटतात. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घेऊन मी ते समजावते.

पिपेटने 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं. पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी बल्ब वापरायचा. टोकाशी उरलेला थेंब फुंकून काढायचा नाही, कारण तो धरूनच पिपेटवरची खूण केलेली असते. मग विरल सल्फ्युरिक ॲसिड घालून द्रावण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचं. ब्युरेटमध्ये गडद जांभळं परमँगनेट. फनेल काढून ठेवायचं, नाहीतर त्यातला चुकार थेंब मागाहून पडतो. द्रावण इतकं गडद की खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून इथे रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं, आणि डोळा त्याच पातळीवर. पहिला थेंब पडतो आणि रंग जाता जात नाही. न वाचता आलेला विद्यार्थी इथेच घाबरतो किंवा थांबतो. वाचून आलेल्याला माहीत असतं की अभिक्रियेत तयार होणारा मँगनीजचा आयनच पुढच्या अभिक्रियेला वेग देतो. तो फ्लास्क हलवत राहतो. हळूहळू थेंब पडताक्षणी विरायला लागतात. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकून राहते. तो अंत्यबिंदू. ॲसिड कमी पडलं किंवा परमँगनेट घाईने सोडलं, तर तपकिरी गढूळपणा येतो. तो आला, तर जर्नलमध्ये ‘गढूळ झालं’ असं लिहायचं आणि नव्याने सुरुवात करायची.

पण जर्नलं तपासताना काय दिसतं? 9.8, 9.8, 9.8. बॅचमधल्या प्रत्येकाचं 9.8. ब्युरेटवर सर्वांत लहान भाग 0.1 मिलीचा, हात नवखे, फ्लास्क वेगवेगळे, आणि तिन्ही रीडिंग तंतोतंत एक! काही जणांचं खरंच तसं येतं. बहुतेकांनी एकदाच टायट्रेशन करून उरलेल्या दोन ओळी भरलेल्या असतात, नाहीतर हुशार मुलाच्या टेबलावरून आकडा आणलेला असतो. काय होतंय त्याला?

काय होतं ते रॅलेच्या गोष्टीतून सांगते. लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होते. हवेतला ऑक्सिजन काढून टाकल्यावर उरलेला नायट्रोजन त्यांनी काचेच्या एका मोठ्या गोळ्यात भरून तोलला. त्याच गोळ्यात रासायनिक संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन भरूनही तोलला. पहिला सरासरी 2.3102 ग्रॅम भरला, दुसरा 2.2990 ग्रॅम. फरक 11 मिलिग्रॅम. दोन्हींची सरासरी काढून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी 1892 मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून हा फरक जगापुढे मांडला आणि रसायनतज्ज्ञांना कारण विचारलं. तेव्हा तो फरक आणखी लहान होता. प्रयोगाची पद्धत बदलून तो त्यांनी मुद्दाम वाढवून पाहिला. विल्यम रॅमसे या शोधात सामील झाले आणि 1894 मध्ये दोघांनी जाहीर केलं की हवेत आजवर कुणालाही ठाऊक नसलेला वायू आहे. तो आरगॉन. हवेचा जवळजवळ एक टक्का भाग, आपण प्रत्येक श्वासाला आत घेतो तो. 1904 मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या गोष्टीची आणखी एक कडी आहे. 1785 मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतल्या नायट्रोजनचा विजेच्या ठिणग्यांनी ऑक्सिजनशी संयोग घडवून तो सगळा शोषून घ्यायचा प्रयत्न केला. शेवटी एक बुडबुडा उरलाच, नायट्रोजनच्या 120 व्या हिश्श्याहून अधिक नाही एवढा. तो का उरला हे त्यांना सांगता आलं नाही, पण त्यांनी तो लिहून ठेवला. शंभराहून अधिक वर्षांनी ती नोंद रॅले आणि रॅमसे यांच्या उपयोगी पडली. कॅव्हेंडिशांनी ‘सगळा नायट्रोजन संपला’ असं लिहिलं असतं, तर त्यांना कुणी दोष दिला नसता. विज्ञान मात्र त्या नोंदीला मुकलं असतं.

म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं, की आलं ते रीडिंग लिहा. 9.6 आलं तर 9.6. दुसऱ्या खेपेला 10.1 आलं तर तेही, आणि फरक का पडला असेल ते खाली दोन ओळींत.

शेवटचा नियम शेजाऱ्याचा. परीक्षानळी तापवताना तिचं तोंड कुणाकडेही रोखायचं नाही. वायूचा वास नाक लावून घ्यायचा नाही, हाताने थोडा आपल्याकडे ओढून घ्यायचा. हायड्रोजन सल्फाइड तर जास्त झाला की वासाची जाणीवच बधिर करतो, आणि धोका असताना वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. बाटलीतून जास्त काढलेलं रसायन परत बाटलीत ओतायचं नाही, नाहीतर पुढच्या बॅचचे सगळे निष्कर्ष बिघडतात. डायक्रोमेटचं द्रावण सिंकमध्ये सोडायचं नाही. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि सिंकचं पाणी शेवटी गावाच्याच नदीला मिळतं. आपली काच आपण धुवायची. फुटलेली काच कचऱ्यात टाकून लॅब असिस्टंटच्या हाताला जखम होऊ द्यायची नाही. ही शिस्त घरीही कामाला येते. बाथरूम धुताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन निघतो, हे प्रॅक्टिकल मनापासून केलेल्या मुलीला घरात कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

आता मागणी आपल्यासारख्या मोठ्यांकडे. मुलांनी नियम पाळावेत असं वाटत असेल तर कॉलेजने गॉगल पुरेसे द्यावेत, फ्यूम हूड चालू ठेवावा, डोळे धुण्याचा नळ साठवणीच्या खोक्यांनी झाकू नये. एका टेबलाभोवती इतकी मुलं उभी करू नयेत की ब्युरेट एकानेच धरावी आणि बाकीच्यांनी आकडा उतरवून घ्यावा. आणि परीक्षकांनी गुण देताना उत्तर अपेक्षित आकड्याच्या किती जवळ आलं एवढंच पाहू नये. तसं पाहिलं तर खोटं रीडिंग लिहायला आपणच मुलांना शिकवतो. नोंदी खऱ्या आहेत का, चुकीमागचं कारण शोधलं आहे का, याला गुण द्यावेत. व्हायवात ‘हे रीडिंग वेगळं का आलं?’ हा प्रश्न विचारावा आणि प्रामाणिक उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणाली, की आज माझं उत्तर चुकलं, पण कुठे चुकलं ते मला सापडलं, तर त्या दिवशी तिचं मनापासून कौतुक करा. औषधाची मात्रा, पाण्याचा नमुना, पुलाचं काँक्रीट, या सगळ्यांची रीडिंग उद्या हीच मुलं घेणार आहेत आणि त्या आकड्यांवर आपण सगळे विश्वासून राहणार आहोत.