रेघ कोणी ओढायची?



मी नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. नाव इंद्राच्या बागेचं, वस्ती मात्र तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांची. एका अंगाला जगनाडे चौक, शेजारी हसनबाग, पलीकडे वाठोडा-खरबीच्या दिशेनं वाढत गेलेले नवे ले-आऊट. या वस्तीतली घरं गेल्या पंचवीस वर्षांत जागची हलली नाहीत. मशीद जिथं होती तिथं आहे, मंदिर जिथं होतं तिथं आहे, किराणा दुकानही तिथंच आहे. पण ‘तुम्ही कोणत्या वॉर्डात राहता?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र दर निवडणुकीला बदलत आलं आहे. आज मला बोलायचं आहे ते या बदलत्या उत्तराविषयी.

थोडा इतिहास आठवू या. २००२ साली महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा तीन नगरसेवकांचा एक प्रभाग होता. २००७ साली तो मोडला आणि एक वॉर्ड, एक नगरसेवक अशी पद्धत आली. २०१२ साली दोघांचा प्रभाग झाला, २०१७ साली चौघांचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात सत्ताबदल झाला, महाविकास आघाडीचं सरकार आलं आणि त्यांनी पुन्हा एकसदस्य वॉर्डाचा कायदा केला. त्या कायद्यानं निवडणूक होण्याआधीच, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याच सरकारनं मुंबई वगळता इतर महापालिकांसाठी तिघांचा प्रभाग ठरवला. जून २०२२ च्या अखेरीस ते सरकार गेलं. नवं सरकार आलं आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात निर्णय झाला की, २०१७ सारखाच चौघांचा प्रभाग राहील. मुंबईत नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ केली गेली होती, ती पुन्हा २२७ झाली.

तीन, एक, दोन, चार, एक, तीन, चार. श्रोतेहो, हा पाढा नाही, लॉटरीचा नंबरही नाही. ही आपल्या लोकशाहीच्या सगळ्यात खालच्या पायरीची कहाणी आहे. आणि यात कोणत्याही एका पक्षाला बोट दाखवून मोकळं होता येत नाही. २००२ चे तीन, २००७ चा एक आणि २०१२ चे दोन, हे तिन्ही एकाच आघाडीच्या काळातले निर्णय. २०१७ चे चार दुसऱ्या बाजूचे. ज्याच्या हातात पट्टी-पेन्सिल आली, त्यानं रेघ ओढली.

आता थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नागपूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २४ लाख ४७ हजारांच्या घरात. २०१७ साली १५१ नगरसेवक होते, म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी सोळा हजार माणसं. चौघांचा प्रभाग म्हणजे जवळपास पासष्ट हजार. २०२२ साली जो तिघांच्या प्रभागांचा नकाशा तयार झाला त्यात १५६ नगरसेवक आणि ५२ प्रभाग होते. म्हणजे एका प्रभागात सुमारे सत्तेचाळीस हजार. यातली गंमत लक्षात घ्या. दोन्ही वेळची जनगणना एकच, २०११ ची. कागदावर एकही माणूस वाढला नाही, एकही कमी झाला नाही. बदलली ती फक्त रेघ.

कोणी म्हणेल, रेघेनं एवढं काय होतं? मतं तर लोकच देतात ना? मतं लोकच देतात हे खरंच आहे. पण प्रभागाची पद्धत कशी चालते ते पाहा. चौघांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात. मतदार चार मतं देतो, प्रत्येक जागेसाठी एक. आता समजा प्रभागात एका पक्षाकडे शंभरातली चाळीस मतं आहेत आणि उरलेली साठ तीन-चार ठिकाणी विभागली आहेत. एकेरी वॉर्ड असते तर त्याच भागाचे चार वेगळे तुकडे झाले असते, आणि एखाद्या तुकड्यात दुसऱ्या कोणाचं पारडं जड असू शकलं असतं. चौघांच्या प्रभागात मात्र बहुधा चारही जागा एकाच झेंड्याखाली जातात. छोटा पक्ष, अपक्ष, मोहल्ल्यात वीस वर्षं राबलेला पण खिशात पैसा नसलेला कार्यकर्ता पासष्ट हजार लोकांपर्यंत पोहोचणार कसा?

२०१२ साली नागपुरात भारतीय जनता पक्षाला १४५ पैकी ६२ जागा होत्या, २०१७ साली १५१ पैकी १०८ झाल्या. ही वाढ केवळ प्रभागामुळे झाली असं मी म्हणणार नाही. तेव्हा देशात आणि राज्यात वारंही त्या दिशेचं होतं. सलग, मोठी आणि एकजुटीची वस्ती असली की चौघांच्या प्रभागातही तिचा आवाज उरतो हेही खरं आहे. पुसली जाते ती लहान, विखुरलेली वस्ती.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. म्हणून लोक मला हमखास विचारतात, ‘यात तुमच्या समाजाचं किती नुकसान होतं?’ मी सांगतो, रेघेला धर्म नसतो. ती मोमिनपुऱ्याच्या कडेनं जाते तशी हलबा विणकरांच्या वस्तीतूनही जाते, इंदोऱ्याच्या बाजूनं जाते तशी एखाद्या नव्या ले-आऊटमधूनही जाते. जो थोडा आहे, त्याला ती कापते. आज मी थोडा आहे, उद्या तुम्ही असाल.

बहुसदस्य पद्धतीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. चौघांचा प्रभाग असला की बहुतेक प्रत्येक प्रभागात बाई निवडून येते, मागासवर्गीय प्रतिनिधीही बऱ्याच प्रभागांत मिळतो. एकेरी वॉर्डात आरक्षणाची सोडत निघाली की एखाद्याचा वॉर्ड पाच वर्षांसाठी हातचा जातो. हा युक्तिवाद खोटा नाही. पण मग तो एकदाच, सर्वांसमोर मांडा, पटवून द्या आणि त्यावर ठाम राहा. दर पाच वर्षांनी नवा युक्तिवाद निघतो, आणि तो नेमका त्या वेळच्या सत्तेच्या सोयीचा असतो, तेव्हा संशय येणारच.

आमच्या गल्लीतल्या एक काकू मला विचारतात, ‘भाईसाहेब, नालीचं सांगाचं असन तं आता चौघांतल्या कोनाले सांगाचं?’ मी हसून म्हणतो, ‘चौघांनाही सांगा काकू.’ पण त्यांच्या प्रश्नात सगळं आलं. चौघांची जबाबदारी म्हणजे बारभाईंचा कारभार. आणि तुम्हाला म्हण ठाऊकच आहे, गाढव मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं येरझाऱ्यानं. ओझं कोणाचंही असो, येरझारा नागरिकाच्याच वाट्याला येतात.

याहून मोठी किंमत आपण मोजली ती काळाची. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न आणि प्रभागरचनेचा प्रश्न, दोन्ही सर्वोच्च न्यायालयात गुंतले. त्याच मार्च महिन्यात विधिमंडळानं एक कायदा एकमतानं मंजूर केला. प्रभागरचनेचं काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेण्याचा तो कायदा. विचार करा, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका गोष्टीवर एक झाले! पट्टी-पेन्सिल आयोगाच्या हातात नको, आपल्या हातात हवी, एवढं सगळ्यांना पटलं. आज ती त्यांच्या हातात आहे, उद्या आपल्या येईल, हा प्रत्येकाचा मनातला हिशेब.

शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं. पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. नागपुरात पुन्हा १५१ जागा, पुन्हा चौघांचे प्रभाग. मधली जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. याच काळात, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, माणसं दगावली. अधिकाऱ्यांनी आपलं काम केलं असेल, त्याबद्दल मी बोलत नाही. पण लोकांनी निवडलेला, ज्याच्या दारावर थाप मारता येते असा माणूस त्या पहाटे कायद्यानंच अस्तित्वात नव्हता.

हा रोग फक्त आपला नाही. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातल्या एका मतदारसंघाचा आकार इतका वाकडातिकडा होता की, वर्तमानपत्रानं त्याला पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडर प्राण्याचं रूप दिलं आणि गेरींच्या नावाशी जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द तयार झाला. त्या वर्षी गेरी स्वतः हरले, पण राज्याच्या सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचं बहुमत टिकलं. माणूस पडला, रेघ जिंकली. तो खेळ तिथं अजून चालू आहे. २०२५ मध्ये टेक्सासनं जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकन पक्षाच्या फायद्याचा नकाशा काढला, तर त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानं जनमत घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाच्या फायद्याचा.

मग यावर उपाय काय? उपाय आपल्याच देशात आहे. लोकसभा आणि विधानसभेचे मतदारसंघ सत्ताधारी पक्ष आखत नाही. २००२ च्या कायद्यानं त्यासाठी परिसीमन आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग त्याचे अध्यक्ष होते. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. २००८ मध्ये नवी रचना लागू झाली. तिच्यात विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या आणि नागपूर शहरात दक्षिण-पश्चिम हा नवा मतदारसंघ आला. विदर्भात नाराजी झाली, आणि ती रास्तही असेल. पण ती लोकसंख्येच्या हिशेबावर होती. २००९ पासून आमदारकीच्या निवडणुका त्याच नकाशावर होत आल्या आहेत. सरकारं आली, गेली, फुटली, जुळली, पण विधानसभेची रेघ हलली नाही. जे आमदारासाठी शक्य आहे, ते नगरसेवकासाठी अशक्य का असावं?

मी गझलेच्या वाटेनं चालणारा माणूस आहे. गझलेत मतला म्हटला की काफिया आणि रदीफ ठरून जातात. पुढचा शेर जमत नाही म्हणून कोणी मध्येच काफिया बदलला, तर मुशायऱ्यातला शेवटच्या रांगेतला श्रोतासुद्धा हसतो. नियम आधी ठरतो, मग खेळ. प्रभागाचंही तसंच असायला हवं. एका प्रभागात किती नगरसेवक हे कायद्यात एकदा ठरावं. रेघ एका स्वतंत्र आयोगानं ओढावी. आणि एका जनगणनेनंतर ती एकदाच ओढावी, पुढची जनगणना येईपर्यंत तिला कोणी हात लावू नये.

हे आज सांगण्याला एक कारण आहे. २०२१ ची राहून गेलेली जनगणना आता २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. तिचे आकडे आले की नवे नकाशे अटळ आहेत, महापालिकांचे आणि पुढे लोकसभा-विधानसभांचेही. आकडे येण्याआधी कोणालाच नेमकं ठाऊक नसतं की कोणत्या नियमानं कोणाचा फायदा होईल. म्हणून नियम ठरवायची वेळ आत्ताच आहे. पत्ते वाटून झाल्यावर नियम ठरवायला बसलं, तर प्रत्येक जण आपल्या हातातली पानं बघूनच बोलतो.

आणि आपल्या हातातही थोडं काही आहे. प्रभागरचनेचा मसुदा जाहीर होतो, त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. मसुद्यात प्रत्येक प्रभागाची हद्द शब्दांत लिहिलेली असते. उत्तरेला कोणता रस्ता, पूर्वेला कोणता नाला, दक्षिणेला कोणती गल्ली. नियम असा आहे की नदी-नाले, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग यांच्या आधारानं हद्द ठरावी, वस्ती विनाकारण तोडू नये, आणि लोकसंख्येतला फरक सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. हे वाचायला वकील लागत नाही. आपली गल्ली कोणती, एवढं ठाऊक असलं की पुरे. पक्षांची माणसं तो कागद भिंग लावून वाचतात, आपण मात्र निवडणूक लागल्यावर मतदान केंद्र शोधत फिरतो.

पुढचा मसुदा निघेल तेव्हा शेजारच्या चार घरांना सोबत घ्या आणि आपल्या मोहल्ल्याची हद्द वाचा. रेघ रस्त्याच्या, नाल्याच्या कडेनं गेली असेल तर उत्तम. पण ती सरळ जाता जाता अचानक एखाद्या वस्तीच्या मधूनच वळली असेल, तर कागद घ्या आणि लेखी विचारा, की इथंच का वळली? उत्तर देणं त्यांना भाग आहे. विचारणं मात्र आपल्याला भाग आहे.